एका खात्याने अनेक ठिकाणी प्रवेश : समाजमाध्यमांच्या सामाईक लॉगिनचा तौलनिक अभ्यास



गेल्या काही वर्षांत आपल्या शाळांचे पुष्कळसे काम कागदावरून मोबाइलवर आले आहे. प्रशिक्षण मोबाइलवर, माहिती भरणे मोबाइलवर, पालकांशी बोलणे मोबाइलवर. या प्रत्येक ठिकाणी प्रथम आपली ओळख पटवून द्यावी लागते. ओळख पटविण्याच्या या क्रियेस आपण लॉगिन म्हणतो. प्रत्येक ठिकाणी नवे खाते उघडून नवा पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द, ध्यानात ठेवणे त्रासाचे होते. म्हणून 'गूगलने लॉगिन करा', 'फेसबुकने लॉगिन करा' अशी बटणे जागोजाग दिसू लागली. ती दाबताच काम होते, म्हणून आपण ती दाबतो. परंतु त्या बटणामागे काय घडते, निरनिराळ्या संस्थांच्या बटणांत फरक काय, आणि एखादे दिवशी ते बटण चालेनासे झाले तर आपली गत काय, याचा विचार फारसा कोणी केलेला नसतो. तो विचार व्हावा आणि वर्गात मुलांपर्यंतही पोचावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. एक प्रसंग

किनारपट्टीवरील एका शाळेस भेट दिली असता घडलेली ही हकीकत आहे. त्या शाळेतील एका ज्येष्ठ बाईंच्या सेवापुस्तकात प्रशिक्षणाच्या नोंदी घ्यावयाच्या होत्या. मुख्याध्यापकांनी प्रमाणपत्रे मागितली. बाईंनी सर्व प्रशिक्षणे मन लावून पूर्ण केली होती. वहीत टिपणेसुद्धा होती. परंतु प्रमाणपत्रे ज्या खात्यात होती ते खाते उघडेना. खाते गूगलच्या लॉगिनने उघडलेले, आणि गूगलचे खाते बाजारातील एका नेट सेंटरवाल्याने घाईघाईत काढून दिलेले. पासवर्ड त्यानेच ठरविला होता, आणि खाते परत मिळविण्यासाठी द्यावयाचा मोबाइल क्रमांकही त्याने स्वतःचाच घातला होता. पुढे ते दुकान बंद झाले, क्रमांक बदलला, आणि ओटीपी कोठे जातो हेही कळेनासे झाले.

बाई म्हणाल्या, "साहेब, अभ्यास मी केला, परीक्षा मी दिली, नावही माझेच. पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात राहिली."

मजजवळ उत्तर नव्हते. मी स्वतः त्या शाळेस त्यापूर्वी अनेकदा भेट दिली होती आणि प्रत्येक वेळी "प्रशिक्षण झाले काय?" एवढेच विचारले होते. खाते कोणी उघडले, क्रमांक कोणाचा दिला, हे एकदाही विचारले नव्हते. टक्केवारी पूर्ण झाली म्हणून आम्ही समाधान मानले. या लेखाची गरज मला त्या दिवशी पटली. पुढे एडवण येथे शिक्षकांच्या एका बैठकीत हा विषय मांडला, तेव्हा खाते दुसऱ्याने काढून दिलेले असे हात एकापाठोपाठ एक वर आले. म्हणजे ही अडचण एकट्या बाईंची नव्हे.

२. सामाईक लॉगिन म्हणजे काय?

आपल्या परिसरातील दोन उदाहरणे घेऊ. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामास जाणाऱ्या पालकांजवळ ज्या त्या कारखान्याचा गेट-पास असतो. कारखाना बदलला की पासही बदलतो. हे झाले वेगवेगळ्या खात्यांसारखे. याउलट, नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ल्यानंतर सागरी मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे देण्याची योजना देशभर हाती घेण्यात आली. ओळखपत्र देणारी यंत्रणा एक. परंतु समुद्रात ते तटरक्षक दल तपासते आणि बंदरावर पोलीस तपासतात. तपासणाऱ्याने त्या माणसाची ओळख नव्याने शोधून काढावयाची नसते. ओळखपत्र देणाऱ्यावर त्याने विश्वास ठेवावयाचा असतो. सामाईक लॉगिनचे तत्त्व हेच आहे.

या व्यवहारात तीन पक्ष असतात. पहिले आपण स्वतः. दुसरे, ज्या ठिकाणी आपणास प्रवेश हवा आहे ते संकेतस्थळ किंवा ॲप; त्यास येथे आपण 'दार' म्हणू. तिसरा, आपली ओळख पटवून देणारा, म्हणजे गूगल, फेसबुक वगैरे. त्यास 'ओळखदार' म्हणू.

दीक्षा या शैक्षणिक मंचावर आपण गूगलने लॉगिन करतो तेव्हा पुढील गोष्टी क्रमाने घडतात. बटण दाबताच दीक्षा आपणास गूगलच्या पानावर पाठविते. पासवर्ड आपण गूगलच्या पानावर लिहितो, दीक्षाच्या नव्हे. गूगल ओळख पटवितो आणि आपले नाव, ई-मेल अशी ठरावीक माहिती एका सांकेतिक चिठ्ठीसह दीक्षाकडे धाडतो. या चिठ्ठीस तंत्रज्ञ 'टोकन' म्हणतात. चिठ्ठी पाहून दीक्षा दार उघडते. आपला पासवर्ड दीक्षास अखेरपर्यंत कळत नाही.

हा मोठाच फायदा होय. पूर्वी काही संकेतस्थळे सरळ आपल्या ई-मेलचा पासवर्डच मागत असत. घर झाडण्यास आलेल्याच्या हाती तिजोरीची किल्ली द्यावी, तसा तो प्रकार होता. पासवर्ड न देता केवळ मर्यादित परवानगी देता यावी म्हणून 'ओऑथ' नावाची पद्धत तयार झाली. तिची दुसरी आवृत्ती ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रमाणित झाली, आणि आजची बहुतेक लॉगिनची बटणे तिच्यावर किंवा तिच्यापासून निघालेल्या पद्धतींवर चालतात.

३. थोडा इतिहास

ही कल्पना नवी नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९९ मध्येच 'पासपोर्ट' नावाची अशी सेवा काढली होती. सर्वांची ओळख एकाच कंपनीच्या हाती असू नये, या विचाराने २००५ मध्ये 'ओपनआयडी' ही खुली पद्धत निघाली. तीत ओळखदार कोण असावा हे वापरणाऱ्याने ठरवावयाचे होते.

दरम्यान समाजमाध्यमे वाढत होती. गूगलचे ऑर्कुट जानेवारी २००४ मध्ये निघाले आणि भारतात घरोघर पोचले. फेसबुक फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात सुरू झाले आणि सप्टेंबर २००६ मध्ये तेरा वर्षांवरील सर्वांस खुले झाले. ज्यांच्याजवळ माणसांची खरी नावे, छायाचित्रे आणि मित्रांच्या याद्या आहेत, त्यांनीच ओळखदार का होऊ नये, हा विचार ओघाने आला. २००८ च्या मे महिन्यात मायस्पेस, फेसबुक आणि गूगल या तिघांनी थोड्याच दिवसांच्या अंतराने आपापल्या योजना जाहीर केल्या. त्यांतील 'फेसबुक कनेक्ट' आणि 'गूगल फ्रेंड कनेक्ट' त्याच वर्षी डिसेंबरात सर्वांसाठी खुल्या झाल्या. या चढाओढीत फेसबुक पुढे गेले. गूगलची ती योजना २०१२ मध्ये आवरती घेण्यात आली. तथापि जीमेल आणि अँड्रॉइड मोबाइल यांच्या बळावर गूगलचे लॉगिन पुन्हा उभे राहिले, आणि आज आपल्या शाळांतून तेच अधिक दिसते.

४. तुलना

ओळखदारांची तुलना करताना चार प्रश्न विचारावेत. तो कोणती माहिती पुढे धाडतो? त्याचा धंदा कशावर चालतो? खरे नाव हवे असे तो म्हणतो काय? आणि किल्ली हरवली तर परत मिळण्याची सोय काय?

फेसबुक : नाव, छायाचित्र आणि बहुधा ई-मेल ही माहिती दाराकडे जाते, दाराने अधिक मागितल्यास आपली परवानगी विचारली जाते. व्यवहारात वापरतो तेच नाव द्यावे असा फेसबुकचा नियम आहे. कंपनीचे जवळजवळ सर्व उत्पन्न जाहिरातींचे आहे. म्हणून आपण कोठे जातो आणि काय पाहतो ही माहिती तिच्या दृष्टीने मोलाची आहे. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप यांची मालकीही तिच्याचकडे, म्हणजे मेटा कंपनीकडे आहे.

गूगल : नाव, ई-मेल आणि छायाचित्र पुढे जाते. येथेही उत्पन्नाचा मुख्य भाग जाहिरातींचाच आहे. परंतु गूगलचे खाते केवळ समाजमाध्यमाचे नव्हे. त्यात आपला पत्रव्यवहार असतो, छायाचित्रे असतात, मोबाइलमधील नावे व क्रमांकही असतात. म्हणून हे खाते गेल्यास होणारे नुकसान सर्वांत मोठे. डिसेंबर २०२३ पासून, दोन वर्षे मुळीच न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल काढून टाकू शकते, हेही ध्यानात ठेवावे. केवळ प्रशिक्षणापुरते खाते उघडून नंतर त्याकडे ढुंकूनही न पाहणाऱ्यांस हा नियम विशेष लागू पडतो.

एक्स : पूर्वीचे ट्विटर, जुलै २०२३ मध्ये नाव बदलले. येथे टोपण नावाने खाते उघडता येते. त्यामुळे या खात्याने दिलेली ओळख ही 'हा तोच माणूस आहे' एवढेच सांगते. तो माणूस कोण हे सांगतेच असे नाही.

लिंक्डइन : २००३ मध्ये सुरू झालेले, आणि २०१६ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे. नोकरी व व्यवसाय यांसंबंधीच्या ठिकाणी याचे लॉगिन अधिक आढळते. प्राथमिक शिक्षकास त्याचे प्रयोजन क्वचितच पडेल.

ॲपल : हे समाजमाध्यम नव्हे, परंतु २०१९ मध्ये या कंपनीने आणलेल्या लॉगिनमध्ये एक वेगळी सोय आहे. आपला खरा ई-मेल दारापासून लपवून त्याऐवजी एक वेगळा पत्ता देता येतो. त्यावर आलेले पत्र आपणाकडे पोचते. उपकरणे विकणे हा या कंपनीचा मुख्य धंदा असल्याने तिला हे परवडते. आपल्याकडे ॲपलचे मोबाइल थोडे. तरीही 'कमीत कमी माहिती द्यावी' हे तत्त्व शिकण्यासारखे आहे.

शासकीय लॉगिन : आपली कागदपत्रे ठेवण्यासाठी डिजिलॉकर ही सेवा २०१५ मध्ये सुरू झाली. अनेक शासकीय सेवांस एकच लॉगिन चालावे म्हणून जुलै २०२२ मध्ये 'मेरी पहचान' ही व्यवस्था आली. डिजिलॉकर तिचा एक घटक आहे. येथे जाहिरातींचा धंदा नाही. परंतु या खात्यांची भिस्त बहुतांशी मोबाइल क्रमांक आणि ओटीपी यांवर आहे. क्रमांक आपला नसेल तर शासकीय खातेही आपल्या हाती राहत नाही.

५. तीन धडे

पहिला धडा : एकाने दिलेली परवानगी अनेकांस भोवते. काही वर्षांपूर्वी एका परदेशी अभ्यासकाने स्वभावचाचणीचे एक ॲप काढले. लोकांनी फेसबुकच्या लॉगिनने त्यात प्रवेश करून प्रश्नांची उत्तरे दिली. त्या काळच्या नियमांनुसार अशा ॲपला वापरणाऱ्याच्या मित्रांचीही माहिती घेता येत असे. ती माहिती पुढे केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार संस्थेच्या हाती गेली, आणि हे प्रकरण मार्च २०१८ मध्ये उघडकीस आले. जगभरातील ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती गेली असावी, असे फेसबुकने एप्रिल २०१८ मध्ये सांगितले. भारतापुरते पाहिले तर ते ॲप अवघ्या ३३५ जणांनी घेतले होते. परंतु माहिती गेली असण्याची शक्यता होती अशा भारतीयांची संख्या ५,६२,४५५ होती. ३३५ कोठे आणि साडेपाच लाखांहून अधिक कोठे! मित्रांची माहिती घेण्याची ती वाट फेसबुकने २०१५ पर्यंत बंद केली होती. पण जी गेली ती परत आली नाही.

दुसरा धडा : पासवर्ड चोरीस न जाताही घर उघडते. सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकच्या एका दोषाचा फायदा घेऊन चोरट्यांनी सुमारे ३ कोटी खात्यांची टोकने पळविली. पासवर्ड गेले नव्हते. गेल्या त्या मागे सांगितलेल्या चिठ्ठ्या. त्यांचा उपयोग करून इतर दारे उघडली गेल्याचा पुरावा आढळला नाही, असे कंपनीने नंतर सांगितले. तथापि एक किल्ली पुष्कळ दारांस लावली की ती हरविण्याची चिंताही तितकीच वाढते, हे सर्वांच्या ध्यानात आले.

तिसरा धडा : ओळखदाराचे दुकान बंद होऊ शकते. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. एका खात्याने सर्वत्र प्रवेश मिळावा म्हणून मोझिला संस्थेने काढलेली 'पर्सोना' ही चांगली सेवा ३० नोव्हेंबर २०१६ रोजी बंद झाली. सर्वसामान्यांसाठी असलेले गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये बंद झाले. भारतीय भाषांसाठी निघालेले 'कू' जुलै २०२४ मध्ये थांबले. कधी दुकान चालू असते, पण दार सरकारी आदेशाने बंद होते; जून २०२० मध्ये टिकटॉकसह ५९ ॲपांवर बंदी आली तेव्हा आपल्या गावांतील किती तरी तरुणांनी ते अनुभवले. यास्तव ज्याच्यावाचून आपले काम अडेल अशा ठिकाणी एकाच ओळखदारावर विसंबून राहू नये.

६. खाते म्हणजे आपले नाव

आपल्या पालघरची एक घटना देशभर चर्चिली गेली. नोव्हेंबर २०१२ मध्ये येथील एका तरुणीने मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, आणि तिच्या मैत्रिणीने त्या 'लाइक' केल्या. दोघींना अटक झाली. पुढे ती कारवाई टिकली नाही. या घटनेनंतर एका विधी-विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. विचार मांडण्याच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने त्या निकालाचे महत्त्व मोठे आहे.

आपल्या विषयापुरता त्यातून एवढाच बोध घ्यावयाचा की, खात्यावरून लिहिलेला प्रत्येक शब्द आणि दाबलेली प्रत्येक खूण ही त्या नावाच्या माणसाची मानली जाते. आता कल्पना करा. शाळेच्या संगणकावर एखाद्या गुरुजींचे फेसबुक उघडेच राहिले, आणि मधल्या सुट्टीत एखाद्या मुलाने त्यावरून काही लिहिले. लिहिले कोणी, याचा शोध पुढे लागेल. पण नाव प्रथम गुरुजींचे येईल. सामाईक लॉगिनमध्ये हा धोका एका खात्यापुरता राहत नाही. त्याच किल्लीने उघडणाऱ्या प्रत्येक दारापर्यंत तो पोचतो.

७. मग सामाईक लॉगिन वापरू नये काय?

असे म्हणणे चुकीचे होईल. हजेरीपत्रकाच्या शेवटच्या पानावर दहा-बारा पासवर्ड लिहून ठेवणारे किंवा सर्व ठिकाणी स्वतःची जन्मतारीखच पासवर्ड म्हणून देणारे शिक्षक आपणात आहेत. त्या मानाने चांगल्या रीतीने राखलेले एक खाते पुष्कळ सुरक्षित. दोष व्यवस्थेत जितका आहे त्याहून अधिक आपल्या निष्काळजीपणात आहे. तरी पुढील गोष्टी प्रत्येक शिक्षकाने अवश्य कराव्यात.

(१) शाळेच्या कामासाठी एक स्वतंत्र ई-मेल खाते स्वतःच्या हाताने उघडावे. येत नसल्यास सहकाऱ्याची मदत घ्यावी, परंतु पासवर्ड स्वतःच लिहावा.

(२) खाते परत मिळविण्यासाठी दिलेला मोबाइल क्रमांक आपलाच आहे ना, हे आज रात्रीच तपासावे. बंद केलेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकास दिला जाऊ शकतो. म्हणून सिमकार्ड बदलण्यापूर्वी सर्व खात्यांतील क्रमांक बदलावा.

(३) द्विस्तरीय पडताळणी चालू करावी, म्हणजे पासवर्ड कळला तरी दुसऱ्यास प्रवेश मिळणार नाही.

(४) शाळेच्या कामाचे लॉगिन करमणुकीच्या ॲपांस वापरू नये. स्वभाव, भविष्य, 'मागील जन्मी आपण कोण होता' असल्या चाचण्यांस तर मुळीच नाही.

(५) वर्षातून दोनदा, सत्राच्या आरंभी, खात्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन कोणकोणत्या ॲपांस परवानगी दिली आहे ते पाहावे. गूगलच्या 'सुरक्षा' भागात आणि फेसबुकच्या 'ॲप्स आणि वेबसाइट्स' भागात ही यादी मिळते. नको असतील ती नावे काढून टाकावीत.

(६) प्रमाणपत्र मिळताच ते उतरवून घ्यावे आणि त्याची एक छापील प्रत दप्तरी ठेवावी. खाते गेले तरी प्रमाणपत्र राहील.

(७) शाळेच्या सामाईक संगणकावर किंवा टॅबवर काम संपताच लॉगआउट करावे. नुसती खिडकी मिटणे पुरेसे नाही.

(८) विद्यार्थ्यांसाठी कोणतेही खाते पालकांना न विचारता उघडू नये. फेसबुक व इन्स्टाग्राम यांच्या नियमांप्रमाणे तेरा वर्षांखालील मुलांस खाते उघडता येत नाही. मुलाचे वय खोटे लिहून खाते काढून देणे म्हणजे शिक्षकानेच त्यास असत्याचा पहिला पाठ देणे होय.

या संदर्भात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ठाऊक असावा. त्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले आहे, आणि तिची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे. दिलेली संमती जितक्या सुलभतेने दिली तितक्याच सुलभतेने परत घेता आली पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्यांतील बंधने टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाची आहेत.

८. वर्गपाठाची रूपरेषा

इयत्ता : ६ वी व ७ वी. वेळ : ३५ मिनिटे.
हेतू : एका ओळखीवर अनेक ठिकाणी प्रवेश मिळण्याचे फायदे-तोटे मुलांनी अनुभवाने जाणावेत.
साहित्य : कागदाच्या चिठ्ठ्या, एक वही, खडू. मोबाइल वा संगणकाची गरज नाही.

पूर्वज्ञान : तुमच्या घरी कोणकोणती ओळखपत्रे आहेत? ती कोणी दिली? कोठे दाखवावी लागतात? मुले रेशनकार्ड, आधारकार्ड, वडिलांचा गेट-पास, मच्छीमारांचे कार्ड अशी उत्तरे देतील. ती फळ्यावर लिहावीत.

विषयविवेचन : चार मुलांस वर्गाच्या चार कोपऱ्यांत उभे करावे. ती झाली चार दारे : ग्रंथालय, क्रीडांगण, चित्रशाळा आणि दुकान. एक मुलगी प्रवासी होईल आणि एक मुलगा ओळखदार होईल.

पहिली फेरी : प्रत्येक दाराचा परवलीचा शब्द वेगळा. प्रवाशाने चारही शब्द आठवून सांगावयाचे. ती गोंधळेल, वर्ग हसेल. अडचण कोणती हे मुलांच्या तोंडूनच काढावे.

दुसरी फेरी : परवलीचा शब्द एकच, आणि तो केवळ ओळखदाराच्या कानात सांगावयाचा. प्रत्येक दारी जाण्यापूर्वी ओळखदार चिठ्ठी देईल. दार चिठ्ठी पाहून आत घेईल. ओळखदाराने मात्र प्रत्येक वेळी प्रवासी कोठे निघाली हे वहीत गुपचूप लिहावे. फेरी संपताच ती वही वर्गात मोठ्याने वाचावी. "याला एवढे सगळे कसे कळले?" हा प्रश्न मुलेच विचारतील. येथे शिक्षकाने घाई करू नये. मुलांस बोलू द्यावे.

तिसरी फेरी : प्रवाशाची एक चिठ्ठी खाली पडते आणि दुसरा मुलगा ती उचलून दारात जातो. दार त्यास आत घेते. दाराची चूक काय? चिठ्ठीवर नाव असले तरी ती आणणारा कोण हे दार पाहत नाही, हे मुलांस समजावे.

चौथी फेरी : ओळखदारास वर्गाबाहेर पाठवावे. प्रवाशास आता एकही दार उघडत नाही. काय केले असते तर ही वेळ आली नसती, यावर चर्चा घ्यावी.

फलकलेखन : एक किल्ली – सोय मोठी. किल्ली देणारा – आपले जाणे-येणे जाणतो. किल्ली हरवली – सर्व दारांस धोका. किल्ली देणारा गेला – सर्व दारे बंद. म्हणून : महत्त्वाच्या दारास दुसरी किल्ली असावी.

उपयोजन : मुलांनी घरी जाऊन आईवडिलांस दोन प्रश्न विचारावेत. तुमच्या मोबाइलमधील खाते कोणी उघडून दिले? त्यात क्रमांक कोणाचा आहे? पासवर्ड मात्र विचारू नये, आणि कोणी सांगितला तरी वहीत लिहू नये, हे मुलांस स्पष्टपणे सांगावे.

हा पाठ घेताना भीती निर्माण करणे हा हेतू नाही, याचे भान ठेवावे. समुद्राकाठच्या मुलांस आपण समुद्रात जाऊ नका असे सांगत नाही. भरती-ओहोटी ओळखा असे सांगतो. तीच दृष्टी येथे असावी.

९. समारोप

आरंभी सांगितलेल्या बाईंची गोष्ट अपुरी ठेवणे बरे नव्हे. जुने खाते मिळाले नाहीच. त्यांनी स्वतःच्या क्रमांकावर नवे खाते उघडले, पासवर्ड स्वतः लिहिला, आणि राहिलेली प्रशिक्षणे पुन्हा एकदा पूर्ण केली. केलेले काम दुसऱ्यांदा करावे लागले, याचे मला वाईट वाटते. परंतु पुढच्या भेटीत मी पाहिले, तो त्यांच्या शाळेतील चारही शिक्षकांची प्रमाणपत्रे छापून एका फाइलीत लावलेली होती, आणि प्रत्येकाच्या खात्यातील क्रमांक तपासल्याची नोंद बाईंनी स्वतःच्या अक्षरात केलेली होती. अशी नोंद कोणत्याही परिपत्रकाने मागितली नव्हती.

आपल्या केंद्रातील पुढील बैठकीत मुख्याध्यापकांनी एवढीच चौकशी करावी : आपल्या शाळेतील किती शिक्षकांचे खाते त्यांनी स्वतः उघडलेले आहे, आणि किती जणांचा क्रमांक त्यांचा स्वतःचा आहे? ही संख्या वर पाठविण्याची गरज नाही. ज्यांची उत्तरे 'नाही' अशी येतील त्यांच्याजवळ त्याच दिवशी अर्धा तास बसून ते काम पुरे करावे.

चर्चेसाठी प्रश्न

(१) आपल्या मोबाइलमध्ये गूगल किंवा फेसबुकच्या लॉगिनने उघडलेली ॲपे किती? यादी करा. त्यांपैकी आज आवश्यक किती?

(२) शासकीय लॉगिन आणि खाजगी कंपनीचे लॉगिन यांची वर सांगितलेल्या चार प्रश्नांच्या आधारे तुलना करा.

(३) आपल्या गावातील ज्या पालकांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांच्या खात्याची किल्ली त्यांच्याच हाती राहावी म्हणून शाळा काय करू शकेल?